कलादालन आणि उपाहारगृह : आस्वादाचे दोन अर्थ

प्रस्तावना :
मराठीत पदार्थाची चव घेणे आणि कलाकृतीचा अनुभव घेणे या दोन्हींसाठी 'आस्वाद' हा एकच शब्द वापरला जातो. या शब्दामागे जुनी परंपरा आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची संकल्पना विशद करताना भोजनाचाच दृष्टान्त दिला आहे. नाना व्यंजनांच्या संयोगातून जशी चव सिद्ध होते, तसा नाट्यातून रस सिद्ध होतो. असे असूनही आधुनिक कलादालनात अन्नाकडे केवळ एक सोय म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात अन्न व दृश्यकला यांच्या एकत्रीकरणाचे तीन प्रकार पाहून त्यांचे यश कशावर अवलंबून असते, याचा विचार केला आहे.

१) कलादालनातील उपाहारगृह :
लंडन येथील साउथ केन्सिंग्टन संग्रहालय (आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय) १८५७ मध्ये सुरू झाले. त्याचे संचालक हेन्री कोल यांनी प्रेक्षकांसाठी उपाहारकक्षांची योजना केली. १८६० च्या दशकात त्यांतील एका कक्षाची सजावट विल्यम मॉरिस यांच्या संस्थेने केली. म्हणजे भोजनाची जागा हेच कलेचे दालन ठरले. मात्र प्रथम व द्वितीय वर्गासाठी खाद्यपदार्थांच्या याद्या वेगवेगळ्या होत्या. दालन सर्वांना खुले झाले, तरी पंगत एक झाली नाही.

आपल्याकडील ठळक उदाहरण मुंबईचे होय. काळा घोडा परिसरातील जहांगीर कलादालन १९५२ मध्ये सुरू झाले. तेथे १९६४ मध्ये उषा खन्ना यांनी 'समोवार' हे उपाहारगृह सुरू केले. रेल्वेच्या डब्यासारखी लांब व अरुंद जागा, समोर शेजारच्या वस्तुसंग्रहालयाची बाग आणि पराठे, पुदिन्याचा चहा असे साधे पदार्थ, हे त्याचे स्वरूप होते. परंतु त्याचे खरे महत्त्व बसण्याच्या मुभेत होते. एका चहावर बराच वेळ बसता येत असल्याने चित्रकार, पत्रकार, विद्यार्थी एकाच ओळीत बसत. पाहिलेल्या चित्रांविषयी बोलण्यास दालनात संकोच वाटतो. तो येथे गळून पडे. प्रदीर्घ वादानंतर ३१ मार्च २०१५ रोजी समोवार बंद झाले. चित्रे लावण्याची जागा कायम राहिली, पण त्यांविषयी बोलण्याची जागा गेली.

२) उपाहारगृहातील कलादालन :
बार्सिलोना येथील 'एल्स क्वात्रे गात्स' (१८९७-१९०३) हे या प्रकाराचे उदाहरण. पिकासो यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन फेब्रुवारी १९०० मध्ये येथेच भरले. त्यांनी तेथील मेनूकार्डासाठी चित्रही काढले. नवोदितास भिंत मिळणे, हा या प्रकाराचा मोठा लाभ होय. त्याच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. स्वयंपाकाची वाफ व तेलकट धूर चित्रांवर बसतो, आर्द्रतेने कागदास बुरशी लागते, अन्नकणांमुळे कीटक येतात. शिवाय ग्राहकाची पाठ चित्राकडे असेल, तर कलाकृती केवळ सजावट होऊन राहते.

३) अन्न हीच कलाकृती :
गॉर्डन मॅटा-क्लार्क, कॅरल गुडन व टीना जिरार्ड यांनी १९७१ मध्ये न्यूयॉर्क येथे 'फूड' हे उपाहारगृह सुरू केले. तेथे कलावंतच स्वयंपाक करीत. त्यातून अनेकांना रोजगारही मिळाला. १९९२ मध्ये रिरक्रित तिरावनिजा यांनी त्याच शहरातील एका दालनात थाई रस्सा व भात शिजवून आलेल्यांना विनामूल्य वाढला. येथे पाहण्याजोगी वस्तू अशी उरलीच नाही. एकत्र बसून जेवणे हीच कृती कला ठरली.

निष्कर्ष :
वरील उदाहरणांतून असे दिसते की, अन्न कलेला वेळ मिळवून देते. उभ्याने चित्र पाहणारा लवकर पुढे सरकतो. बसलेला माणूस पुन्हा विचार करतो. मात्र त्यासाठी दोन अटी आवश्यक आहेत : परवडणारी किंमत आणि निवांत बसण्याची मोकळीक. जागेचे भाडे वाढले की प्रथम याच दोन गोष्टी नाहीशा होतात आणि कला महागड्या कॉफीची पार्श्वभूमी बनते. महाविद्यालयीन उपाहारगृहात या दोन्ही अटी बहुधा आधीच पूर्ण झालेल्या असतात. स्वयंपाकघरापासून दूरची एक कोरडी भिंत विद्यार्थ्यांच्या चित्रांसाठी राखून ठेवली, तर कलास्वादाचे शिक्षण वर्गाबाहेरही घडू शकेल.