पैसे डिकीत घालण्याआधी दार उघडा

नगरहून पुण्याला जायचं म्हणजे साधारण १२० किलोमीटर गाडीत बसणं आलं. (अहिल्यानगर हे नाव आता कागदोपत्री आहे, बोलताना मात्र तोंडात नगरच येतं.) वाटेत बहुतेक जण गाणी लावतात. त्यामुळे जुनी छोटी गाडी घेतली की पहिला हौशी खर्च साउंडवर होतो, आणि तोही बहुधा डिकीतल्या मोठ्या बॉक्सवर. महिनाभरात तक्रार येते: ठोका नुसता घुमतो, शब्द कळत नाहीत. हौसेनं जमवलेले आठ-दहा हजार असे वाया गेलेले पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं, कारण तेवढ्याच पैशांत खरोखर चांगला आवाज मिळू शकतो.

सगळ्यात मोठा गैरसमज वॅटचा. डेकच्या खोक्यावर '५० वॅट × ४' असं ठळक छापलेलं असतं. हा आकडा येतो कुठून, ते जरा मांडून पाहू. इंजिन चालू असताना गाडीच्या वायरिंगला जास्तीत जास्त १४.४ व्होल्टच्या आसपास मिळतात. स्पीकर असतो ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग करून ४ ने भागला की उत्तर येतं जवळजवळ ५२. म्हणजे आवाज पुरता फाटून सुराची लाट चौकोनी होते, तेव्हाचा हा आकडा. न फाटलेल्या सुरासाठी त्याच्या निम्मे, म्हणजे २६ वॅट ही गणितातली कमाल मर्यादा, आणि प्रत्यक्षात हाती लागतात २० च्या आसपास. म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा सोडा आणि माहितीपत्रकात 'आरएमएस' समोर काय लिहिलंय ते वाचा.

दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज, हेही खरं नाही. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, कानाला तो फरक थोडासाच जाणवतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. याउलट, ९० ऐवजी ९३ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर निवडला तर त्याच डेकवर दुप्पट ताकदीइतका फायदा होतो. हा आकडाही माहितीपत्रकात असतो, पण दुकानात तो क्वचितच कुणी विचारतं.

आता दाराकडे येऊ. माझ्या मते कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तितकीच हवा ओढतो. पुढची आणि मागची लाट एकमेकींत मिसळली की खालचे स्वर एकमेकांना मारतात. दाराचं प्लास्टिकचं पॅनेल काढून बघा: आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं असतात आणि त्यांवर पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. मागची लाट त्यातूनच गाडीत येते. मग 'कंपनीचे स्पीकर बेकार, बेस नाही' असं म्हणून आपण स्पीकर बदलतो, आणि नवेही तसेच वाजतात. ती भोकं डॅम्पिंग शीटने बंद करा, बाहेरच्या पत्र्यावर आतून थोडी शीट लावा, स्पीकरची रिंग हलणार नाही अशी घट्ट बसवा आणि तिच्या कडेने फोमची पट्टी द्या. आधी होता त्याच स्पीकरमधून पखवाजाची डावी बाजू ऐकू येऊ लागते.

स्वस्तात म्हणून छतावर लावायची डांबराची शीट दारात लावणारे भेटतात. एप्रिल-मेमध्ये नगरला पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. मग डांबराचा वास येतो, शीट सुटते. ब्युटाइलची शीट घ्या, भले दोनच दारांपुरती घ्या. आणि दाराच्या तळाशी पाणी जाण्यासाठी छोटी छिद्रं असतात, ती चुकूनही बुजवू नका. अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर, भंडारदऱ्याकडे पावसाळ्यात एक फेरी झाली तरी दारात पाणी साचून पत्रा गंजू लागेल.

दार झाल्यावर पोलॅरिटी बघायची. प्लस-मायनस एका स्पीकरला उलटं लागलं असेल तर बेस नाहीसा होतो आणि गायकाचा आवाज समोर न येता विखुरतो. तपासणीला खर्च नाही. स्पीकरच्या वायरी डेकपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवा. प्लसला प्लस लागला तर पडदा बाहेर येतो. चारही स्पीकर सारखेच हलले पाहिजेत.

'बेस वाढवला की आवाज भारी होतो' या समजुतीने स्पीकर सगळ्यात जास्त मरतात. इक्वलायझरवर बेस ६ डेसिबलने उचलला तर त्या स्वरांना चौपट ताकद लागते, १२ डेसिबलने उचलला तर सोळापट. २० वॅटचा डेक ती आणणार कुठून? लाट फाटते, कॉइल तापते, ट्वीटरवर नको इतके तीक्ष्ण स्वर जातात. म्हणूनच मोठ्या अँपने स्पीकर जळतो हे अर्धसत्य आहे. लहान अँप फाडून वाजवला तरी जळतो. रीत उलटी ठेवा: जे जास्त वाटतं ते कमी करा. डेकमध्ये हाय-पास फिल्टर असेल तर दारातल्या स्पीकरला ८० हर्ट्झवर लावा. खालचं ओझं गेलं की तोच स्पीकर मोकळा, स्पष्ट वाजतो. त्या खालच्या स्वरांसाठी पुढेमागे सीटखाली मावणारा छोटा सबवूफर घेता येईल. एकच पुरे, कारण साधारण ८० हर्ट्झखालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही.

डेकला वेगळा अँप जोडला असेल तर त्यावरचं 'गेन' म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. डेक आणि अँप यांची पातळी जुळवण्यासाठी ते असतं. साधा मल्टिमीटर पुरतो: ४ ओहमवर ५० वॅट हवे असतील तर अँपच्या तोंडाशी १४.१ व्होल्ट यायला हवेत. इक्वलायझर सपाट, डेकचा आवाज पाऊणपट, स्पीकर सोडवलेले आणि टेस्ट टोन लावलेला, एवढी तयारी करून गेन हळूहळू वाढवायचं. आकडा आला की हात काढायचा.

काही डेकमध्ये टाइम अलाइनमेंट असतं आणि ते कुणी वापरत नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा स्पीकर जवळ आणि डावा लांब. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. मेझरिंग टेपने दोन्ही अंतरं मोजा. फरक ५० सेंटिमीटर असेल तर उजव्याला दीड मिलिसेकंद उशीर द्या. गायिका दारातून उठून डॅशबोर्डच्या मधोमध येऊन बसते. 'सैराट'ची गाणी यासाठी उत्तम: अजय-अतुलनी त्यातला वाद्यवृंद हॉलिवूडच्या सोनी स्कोरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला होता. त्यातली व्हायोलिनं डावीकडून उजवीकडे पसरलेली ऐकू आली तर जुळणी जमली असं समजा. एफएमवर पारखू नका, कारण तिथे १५ हजार हर्ट्झच्या वरचं काही पाठवलंच जात नाही.

वायरिंगमध्ये मात्र काटकसर नको. अँपची वायर बॅटरीपासून वीतभर-दोन वीत अंतरातच फ्यूजमधून गेली पाहिजे, नाहीतर वायर घासून पत्र्याला लागली तर आग लागू शकते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तुलनेत ती वीज बरीच कमी वाहते. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून उघडा पत्रा काढा. मूळ वायरी कापू देऊ नका, गाडीच्या मॉडेलचा कपलर मागा.

डिकी उघडी टाकून गल्लीला ऐकवायचं असेल तर २००० चे ध्वनिप्रदूषण नियम लागू होतात: वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. कानाचं गणितही लक्षात ठेवा. ८५ डेसिबल आठ तास चालतं असं धरलं, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, आणि ९४ ला उरतो एक तास.

जुळणी आधी उभ्या गाडीत करा, मग पुणे रस्त्याने सुप्यापर्यंत चक्कर मारून पुन्हा ऐका. ८० च्या वेगाला टायरची घरघर खालचे स्वर झाकते, तेव्हा बेस एखाद-दुसरा अंक वाढवावा लागेल. शेवटी डेकच्या सगळ्या सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गॅरेजमध्ये बॅटरी काढली की अनेक डेकमधली सेटिंग पुसली जातात.