नववीच्या वहीतलं मानसशास्त्र

२०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नामवंत नियतकालिकात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांवर एक शोधनिबंध छापून आला. ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पाचा तो लेखाजोखा होता. गावातल्याच माणसांना शिकवून तयार करायचं, त्यांनी घरोघरी नैराश्याबद्दल बोलायचं, गरजूला समुपदेशकाकडे न्यायचं आणि दुखणं मोठं असेल तर मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचवायचं, अशी कामाची पद्धत. सुरुवातीला नैराश्यानं ग्रासलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षानंतरच्या पाहणीत हा आकडा २७.२ टक्के निघाला. वऱ्हाडातल्या खेड्यांचं मन असं जगभरच्या अभ्यासकांसमोर गेलं, आणि त्यातून चांगलंच काम उभं राहिलं.

पण हे लिहिलं मोठ्यांनी, इंग्रजीतून. त्याच जिल्ह्यातली हायस्कूलची मुलं मनाबद्दल काही लिहू शकतील का? म्हणजे छापण्याजोगं, कुणी तपासून पाहिलं तरी टिकेल असं?

अंजनगाव सुर्जीचं उदाहरण घेऊ. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात इथे तह झाला, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात हे नाव येतं. वऱ्हाडात ते ओळखलं जातं पानमळ्यांसाठी आणि पानपिंपळीसाठी. विज्ञान प्रदर्शनाचा विषय शोधायला बसलं की पानपिंपळीची लागवड किंवा शहानूर नदीचं पाणी सहज सुचावं. आपल्या बाकावरच्या मित्राला पाठांतर कसं जमतं, परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्याला खरंच जास्त आठवतं का, हे प्रश्न मात्र प्रकल्पाचे विषय वाटतच नाहीत. त्याला कारणही आहे. राज्य मंडळाच्या शाळेत मानसशास्त्र स्वतंत्र विषय म्हणून पहिल्यांदा भेटतं ते अकरावीला, आणि तेही घेतलं तर.

महाराष्ट्रात शाळकरी मुलं आणि मानसशास्त्र यांचा संबंध तसा जुना. पुण्यात १९६२ साली ज्ञानप्रबोधिनी स्थापन करणारे आप्पा पेंडसे स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक होते, आणि बुद्धिमापन चाचण्यांचं मोठं काम त्या संस्थेत झालं. मात्र अशा कामात मुलं चाचणी देणारी असतात. चाचणी घेणारं, मोजणारं आणि लिहिणारं मूल क्वचित दिसतं.

असं एक मूल अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात होतं. एमिली रोझा तेव्हा ९ वर्षांची, चौथीत. तिथल्या अनेक रुग्णालयांत एक उपचार चाले: रुग्णाच्या अंगाला हात न लावता, अंगावरून हात फिरवून त्याची ‘ऊर्जा’ जाणवते असं उपचार करणारे सांगत. एमिलीनं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी साधा प्रयोग मांडला. मध्ये एक पडदा, त्याला दोन भोकं. उपचारकानं दोन्ही हात त्यातून पलीकडे काढायचे. एमिली नाणं उडवणार आणि छाप की काटा ते पाहून त्याच्या उजव्या किंवा डाव्या तळव्यावर, स्पर्श न करता, आपला हात धरणार. कोणत्या हाताला ऊर्जा जाणवली, एवढंच त्यानं सांगायचं. २१ जणांनी मिळून २८० वेळा उत्तर दिलं. बरोबर आली १२३, म्हणजे ४४ टक्के. डोळे मिटून ठोकून दिलं असतं तरी निम्मी बरोबर यायची! एप्रिल १९९८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात हा निबंध आला, तेव्हा लेखकांच्या यादीत ११ वर्षांची एमिली होती.

निबंध लिहायला मोठ्यांची मदत झाली, तिची परिचारिका असलेली आई सहलेखिका होती. पण प्रश्न आणि प्रयोग मुलीचा. हीच वाटणी महत्त्वाची. आपल्याकडे अनेकदा उलटं होतं. प्रश्न शिक्षक देतात, मजकूर इंटरनेट देतं आणि मुलाच्या वाट्याला सुवाच्य अक्षर येतं. ‘ताणतणावाचे व्यवस्थापन’ या मथळ्याचे निबंध असेच तयार होतात. त्यांत व्यायाम, ध्यान, सकारात्मक विचार सगळं असतं. लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलेली एकही गोष्ट नसते.

मुलांच्या अशा कामाला आता छापण्याच्या जागाही आहेत. अमेरिकेत मेरीलँडमधल्या वॉल्ट व्हिटमन हायस्कूलचे विद्यार्थी मानसशास्त्राचं स्वतःचं नियतकालिक काढतात. हार्वर्डच्या संशोधक विद्यार्थ्यांनी २०११ मध्ये ‘जर्नल ऑफ इमर्जिंग इन्व्हेस्टिगेटर्स’ सुरू केलं. त्यात शाळकरी मुलांचे शोधनिबंध तज्ज्ञांकडून तपासून घेतले जातात. २०१३ पासून चालणाऱ्या ‘फ्रंटिअर्स फॉर यंग माइंड्स’मध्ये तर शास्त्रज्ञांचे लेख ८ ते १५ वर्षांची मुलं तपासतात आणि ‘हे समजलं नाही, पुन्हा लिहा’ असं सांगू शकतात. मेंदू आणि मानसशास्त्र हा तिथला एक मोठा विभाग आहे.

अंजनगावच्या शाळेत प्रयोग करायला प्रयोगशाळा लागणार नाही. १९३५ साली जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं एक गंमतशीर गोष्ट दाखवली. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईनं लिहा आणि समोरच्याला शाईचा रंग विचारा. तो अडखळतो. वाचायचं नसतानाही डोळे शब्द वाचून टाकतात आणि उत्तर उशिरा येतं. हा परिणाम जगभर पुन्हा पुन्हा तपासला गेला आहे. आता सेमी इंग्रजीतल्या नववीच्या मुलांचा विचार करा. घरी वऱ्हाडी, मराठीच्या तासाला प्रमाण मराठी, गणित-विज्ञान इंग्रजीतून. त्यांना मराठी शब्द जास्त अडवतात की इंग्रजी? स्केचपेन, कार्डशीट आणि मोबाइलवरचं स्टॉपवॉच एवढ्यावर हे मोजता येतं.

मात्र मोजणीत काळजी हवी. सगळ्यांनी आधी मराठी आणि मग इंग्रजी कार्डं वाचली, तर दुसऱ्या फेरीपर्यंत हात बसलेला असतो आणि इंग्रजीचा वेळ उगाच कमी दिसतो. म्हणून निम्म्यांना आधी इंग्रजी कार्डं द्यायची. खोली एकच, सूचना शब्दशः त्याच. ज्यांची उत्तरं आपल्या अंदाजाविरुद्ध गेली, त्यांचे आकडे वहीतच ठेवायचे. नववीतलं मूल हे एकदा हातानं करतं, तेव्हा पुढे टीव्हीवरच्या ‘संशोधनात सिद्ध झालंय’ या वाक्याला ते प्रश्न विचारू लागतं. मानसशास्त्र शाळेत यावं याचं मला वाटणारं सर्वांत मोठं कारण हेच.

स्वतःवरही प्रयोग करता येतो. जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाउसनं १८८५ साली विस्मरणावर पुस्तक लिहिलं, ते स्वतःच निरर्थक अक्षरगट पाठ करून. सुरुवातीला विसरणं झपाट्यानं होतं, मग त्याचा वेग मंदावतो, हे त्याला त्यातून दिसलं.

रंगांची कार्डं किंवा अक्षरगट असतील तर धोका नाही. भीती, घरातलं भांडण, वडिलांचं कर्ज असे विषय आले की सावध राहायला हवं. छोट्या गावात नाव गाळून भागत नाही. ‘नववीतली एक मुलगी, जिचे वडील गेल्या वर्षी गेले’ एवढं लिहिलं तरी सगळं गाव तिला ओळखतं. म्हणून असे विषय शाळकरी मुलांनी सर्वेक्षणाला घेऊच नयेत. बाकीच्या प्रयोगांतही पालकांची लेखी संमती, भाग घेणाऱ्याचा होकार आणि मधेच उठून जायची मुभा हवीच. मुलांनी वर्गमित्राला ‘डिप्रेशन’ किंवा ‘ओसीडी’ अशी लेबलं लावू नयेत, हा नियम पहिल्या दिवशीच सांगावा. निदान हे डॉक्टरांचं काम.

इंग्रजी नियतकालिकाची घाई नको. साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात हस्तलिखित दैनिक चालवलं होतं. शाळेचा भित्तिफलक आणि वार्षिकांक ही आपल्याकडची रुळलेली वाट आहे. १० ते १७ वर्षांच्या मुलांसाठी १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत जिल्हा पातळीवर प्रकल्प मराठीतून मांडता येतो. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आहे. त्यात वऱ्हाडातल्या मुलांनी स्वतः मोजून लिहिलेलं मानसशास्त्र यायला हवं.

शाळांना विनंती एवढीच: यंदाच्या वार्षिकांकात दोन पानं या विषयाला द्या. प्रयोग मुलांना करू द्या, चुकले तर तेही छापा. आणि त्या पानांच्या तळाशी १४४१६ हा क्रमांक ठळक टाका. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’चा हा दूरध्वनी मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीतूनही बोलता येतं.