कंधार आणि उदगीर : भुईकोटांची सफर

दुर्ग म्हटला की सह्याद्रीचे शिखर डोळ्यांपुढे येते. नांदेड-लातूरच्या सपाट मुलखात तटाला असा आधार दुर्मीळ. म्हणून कंधारच्या भुईकोटाने पाण्याच्या खंदकाचा आश्रय घेतला. नांदेडहून एका दिवसात तो सावकाश पाहून होतो. कंधार ही राष्ट्रकूटांची नगरी. गावालगतचा ‘जगत्तुंग समुद्र’ तलाव आणि भग्न क्षेत्रपालाचे प्रचंड पाषाणावयव, हे गतवैभव आवर्जून पाहावे.

लातूरकरांना उदगीर सोयीचे. १७६० च्या फेब्रुवारीत येथे सदाशिवरावभाऊंनी निजामास नमविले. वर्षभरातच पानिपत घडले! किल्ल्यातील फारसी शिलालेखही विद्यार्थ्यांना दाखवावेत. तटाचा एखादा घडीव दगड गोठ्याच्या पायरीस गेला, तर इतिहासाचा पुरावाच हरपतो. या कामी पंचायत सदस्यांची देखरेख पहारेकऱ्याहून अधिक उपयोगी पडेल.