सहस्रकुंडची एका दिवसाची सहल : पूर आणि वापसा यांमधील दिवस



खरिपाची पेरणी झाली, कोळपणी-खुरपणी आटोपली, की घरातील मुलामुलींना एकदा तरी बाहेर नेऊन आणावे असे प्रत्येकाला वाटते. धबधबा म्हटला की लोणावळा, आंबोली नाही तर चिखलदरा ही नावे पुढे येतात. हिंगोली जिल्ह्यातून यांपैकी कोठेही सकाळी निघून सायंकाळी धारेच्या वेळेला घरी परतणे शक्य नाही. तशी गरजही नाही. आपल्या पैनगंगेवर, नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात इस्लापूरपासून जवळच सहस्रकुंड हा रुंद, काळ्या पाषाणावरून कोसळणारा धबधबा आहे. नदीचा दक्षिण काठ नांदेड जिल्ह्याचा, उत्तर काठ यवतमाळ जिल्ह्याचा. काठावर महादेवाचे मंदिर आहे. उंची म्हणाल तर तीस-चाळीस फुटांच्या आसपास, म्हणजे सह्याद्रीतील धबधब्यांच्या मानाने काहीच नाही. परंतु येथे एखादा ओढा नव्हे, तर सबंध नदी खाली पडते. ऑगस्टमध्ये एकदा पाहिलेला मनुष्य उंचीबद्दल पुन्हा बोलत नाही.

जावे कसे, हे सांगणे सोपे आहे. जावे केव्हा, हे ठरविणे अवघड आहे आणि जीव त्यावरच अवलंबून असतो. म्हणून या लेखात बहुतेक जागा दिवसाच्या निवडीलाच दिली आहे. त्यासाठी लागणारे ज्ञान आपल्याजवळ आधीपासून आहे. ते आपण शेतात रोज वापरतो, सहलीला निघताना मात्र घरी ठेवून जातो.

सहस्रकुंडला येणारे पाणी कोणाचे?

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते, वाशीम जिल्ह्यातून येते आणि कळमनुरी तालुक्याच्या सीमेवर इसापूरच्या धरणात अडते. धरणाच्या खाली तिला आपली कयाधू मिळते. सेनगाव, हिंगोली आणि कळमनुरी या तालुक्यांतील कितीतरी शिवारांचे पाणी कयाधूतून पैनगंगेला आणि पुढे सहस्रकुंडला जाते. वसमतकडील पाणी मात्र पूर्णेवाटे गोदावरीकडे जाते. त्यामुळे वसमतच्या शेतकऱ्याने आपल्या बांधावरचा पाऊस पाहून सहस्रकुंडचा अंदाज बांधू नये. सेनगावच्या शेतकऱ्याने तो जरूर बांधावा.

आता थोडे गणित करू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होते. महसूल मंडळात ६५ मि.मी. पाऊस झाला म्हणजे आपण अतिवृष्टी म्हणतो. हेक्टरी साडेसहा लाख लिटर पाणी. जमीन आधीच पाण्याने भरलेली असेल आणि यातील निम्मे पाणी वाहून गेले असे धरले, तर शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रातून सव्वातीनशे कोटी लिटर, म्हणजे सव्वातीन दलघमी पाणी नदीत उतरते. हे पाणी बारा तासांत सारख्या प्रमाणात गेले असे मानले तरी सेकंदाला ७५ हजार लिटर होतात. प्रत्यक्षात ते सारख्या प्रमाणात कधीच जात नाही. त्याचा लोंढा येतो. आणि कयाधूचे पाणलोट क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरपेक्षा कितीतरी मोठे आहे.

जूनमध्ये मात्र असे घडत नाही. उन्हाळ्यात आपल्या काळ्या जमिनीला हातभर भेगा पडलेल्या असतात. मृगाचे पाणी त्या भेगांतच जिरते आणि ओढे कोरडे राहतात. जमीन ओलाव्याने भरली, भेगा मिटल्या, की पुढच्या पावसाचे पाणी वाहू लागते. म्हणून जूनमध्ये चांगला पाऊस होऊनही सहस्रकुंडला गेलेली मंडळी अनेकदा काळे खडक पाहून परत येतात. जुलैचा उत्तरार्ध ते सप्टेंबर हा खरा काळ. त्यातही दोन टप्पे पडतात. इसापूर धरण भरेपर्यंत वरच्या पैनगंगेचे पाणी धरणातच राहते आणि धबधबा मुख्यत: कयाधू व धरणाखालील ओढ्यांवर चालतो. धरण भरत आले आणि दरवाजे उघडले, की त्याचे रूप पालटते. पावसाने ओढ दिलेल्या वर्षी मात्र श्रावणातही निराशा होऊ शकते.

पूर ओसरल्यावर, वापसा येण्यापूर्वी

मोठा पाऊस झाला की शेतात पाय घालता येत नाही. फवारणी नाही, कोळपे नाही. मनुष्य रिकामा असतो, आणि त्याच दिवशी गावातील चार तरुण मोटारसायकली काढून धबधब्याला निघतात. रिकामपण आणि पूर एकाच दिवशी येतात, ही यातील खरी अडचण आहे. पाऊस पडत असताना व तो थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी तरी जाऊ नये.

यातून मार्ग जमिनीनेच दाखविला आहे. कयाधूसारख्या नदीचा पूर, पाऊस पूर्ण थांबला तर, सर्वसाधारणपणे एक-दोन दिवसांत उतरू लागतो. भारी काळ्या जमिनीत मात्र वापसा येण्यास चार-पाच दिवस लागतात. या दोहोंमध्ये एक-दोन दिवस असे मिळतात की नदी उतरलेली असते, पण शेत अजून काम करू देत नाही. तो सहलीचा दिवस! उघडिपीचा तिसरा किंवा चौथा दिवस धरावा. ज्यांची जमीन हलकी, मुरमाड आहे त्यांना वापसा लवकर मिळतो. त्यांनी आधी सोयाबीनची फवारणी उरकावी आणि मग जावे. अळी आपल्या सहलीसाठी थांबत नाही.

वरील हिशेब एका कारणाने चुकू शकतो आणि ते कारण फार महत्त्वाचे आहे. इसापूरचे दरवाजे उघडले तर हा नियम लागू पडत नाही. धरणापासून सहस्रकुंडपर्यंत नदी वळणे घेत मोठे अंतर जाते; सोडलेले पाणी तेथे पोचण्यास अनेक तास लागतात. रात्री विसर्ग वाढविला तर लोंढा धबधब्यावर दुसऱ्या दिवशी येऊ शकतो, तेव्हा आकाश निरभ्र असेल, ऊन पडलेले असेल आणि मुले खडकावर डबे उघडून बसलेली असतील. ऊन पडले म्हणजे धोका टळला, हा समज मोठ्या नदीवर अत्यंत घातक आहे. म्हणून निघण्याच्या आदल्या सायंकाळी इसापूरमधील विसर्गाची माहिती घ्यावीच. जलसंपदा विभाग विसर्गाची सूचना देतो आणि ती तलाठी, पोलीस पाटील व वर्तमानपत्रे यांच्यामार्फत नदीकाठच्या गावांना कळते. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पाच हजार क्युसेक हा आकडा ऐकून काही बोध होत नाही. सेकंदाला सव्वा लाखाहून अधिक लिटर म्हटले की होतो. विसर्ग नव्याने सुरू झाला असेल किंवा वाढविला असेल तर बेत पुढे ढकलावा.

हवामानासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून भारत हवामानशास्त्र विभागाच्या सहकार्याने निघणारा मंगळवार व शुक्रवारचा कृषी हवामान सल्ला आपण फवारणीसाठी पाहतोच. तोच सहलीसाठीही पाहावा. आणि केवळ हिंगोलीचा नव्हे, तर वाशीम, यवतमाळ व नांदेडचाही अंदाज वाचावा. यांपैकी कोठेही नारंगी किंवा लाल इशारा असेल तर घरीच राहावे. विजांसाठी ‘दामिनी’ हे मोबाईल ॲप उपयुक्त आहे.

माहूरजवळ वझरा येथे शेख फरीद नावाने ओळखला जाणारा आणखी एक धबधबा आहे. तो ओढ्यावरचा, वनातला. तेथे हिशेब निराळा. लहान पाणलोटाचे पाणी लवकर ओसरते, तसे चढतेही काही मिनिटांत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते अशाच झपाट्याने वाढलेल्या पाण्यात. ओढ्यावरच्या धबधब्याजवळ असताना वरच्या डोंगरावर ढग दाटले, की जेवण अर्धवट टाकून उठावे.

खडक ओळखावा

विहीर खोदताना मुरूम संपला की कधी कठीण काळा पाषाण लागतो, कधी मांजऱ्या, तर कधी मध्येच लाल गेरूचा पट्टा. लाव्हाचे थर एकावर एक साचून आपली भूमी बनली आहे. नदीच्या वाटेत कठीण थराखाली मऊ थर आला की मऊ थर आधी झिजतो, वरचा कठीण थर कडेसारखा उभा राहतो आणि पाणी त्यावरून उडी घेते. पाण्याबरोबर येणारे गोटे खडकाच्या खळग्यात गरगर फिरून तो जात्यासारखा घासतात. त्याने रांजणखळगे तयार होतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील निघोजला कुकडी नदीच्या पात्रात हे खळगे मोठ्या संख्येने पाहावयास मिळतात. सहस्रकुंडच्या नावातील कुंडेही अशीच.

हे केवळ माहितीसाठी सांगितलेले नाही. पाणी उतरल्यावर असे खळगे गढूळ पाण्याने भरलेले राहतात. वरून ते घोटाभर पाण्याचे डबके दिसते, आत पुरुषभर खोली असू शकते, आणि भिंती गुळगुळीत असल्याने हाताला धरण्यास काही मिळत नाही. आपल्याला विहिरीत पोहता येते याचा येथे फारसा उपयोग नाही. विहिरीचे पाणी स्थिर असते. म्हणून नदीपात्रात, मग ते कितीही शांत दिसो, उतरू नये. पाणी काठावरून पाहावे. मुलांना भिजायचेच असेल तर घरी परतल्यावर मोटार सुरू करून द्यावी.

पोचल्यावर पहिले काम म्हणजे स्थानिक माणसाला विचारणे : काल पाणी कोठपर्यंत होते? खडकावरील ओली रेघ, अडकलेला पालापाचोळा आणि फेस पाहूनही ते समजते. बसण्याची जागा त्या रेघेच्या बरीच वर निवडावी. पाण्याच्या कडेला दिसेल अशा खडकावर एक खूण धरून ठेवावी आणि दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी एकाने ती पाहावी. खूण बुडाली, पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या व पाने वाहत येऊ लागली किंवा आवाज बदलला, तर सामान तेथेच सोडून सर्वांनी वर यावे. चप्पल आणण्यासाठी परत गेलेला मनुष्य बुडतो.

मार्ग व तयारी

हिंगोलीहून कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, हदगाव, हिमायतनगर व इस्लापूर असा रस्ता आहे. जाण्यास तीन तास तरी धरावेत. नांदेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्थानक आहे, पण हिंगोलीकरांना रस्ताच सोयीचा. उत्तर काठाकडे पैनगंगा अभयारण्याचा भाग असल्याने तिकडून जाणाऱ्यांनी वनविभागाचे नियम पाळावेत. पुलावरून किंवा फरशीवरून पाणी वाहत असेल तर वाहन घालू नये. फूटभर वाहते पाणी लहान मोटार सरकवू शकते आणि मोटारसायकलला त्याहून कमी पुरते. ट्रॅक्टर-ट्रॉलीत माणसे बसवून नेणे बेकायदेशीर आहे आणि ओल्या रस्त्यावर ते मरणाला आमंत्रण आहे.

धपाटे, दशम्या, ठेचा आणि घरचे पिण्याचे पाणी न्यावे. पायांत रबरी चप्पल नको. शेवाळावर ती साबणासारखी सरकते. जुने, खरखरीत तळाचे बूट बरे. दगडांच्या कपारीत हात घालू नये, घोणस व फुरसे तेथेच असतात. सोबत पंधरा-वीस मीटरचा मजबूत दोर आणि झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा तेलाचा डबा असावा. कोणी पाण्यात पडलेच तर डबा दोराला बांधून त्याच्याकडे फेकावा. मागून उडी घेऊ नये. कीटकनाशकाचा डबा मात्र याही कामाला वापरू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक सर्वांच्या मोबाईलमध्ये असावेत. ज्याने मद्य घेतले आहे त्याला गाडीतच बसवून ठेवावे. तो रागावला तरी चालेल.

पहाटे पाचला निघाल्यास नऊच्या सुमारास पोचून, दर्शन व जेवण करून, दुपारी दोनपर्यंत परतीला लागता येते. दुपारनंतर विजांचा पाऊस येण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे हीच वेळ पाळावी. कामाचा वार असेल आणि वेळ हाताशी असेल तर वाटेत तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र आहे. सोयाबीनची चार पिवळी पाने सकाळीच पिशवीत टाकून नेली असतील तर ती तेथे दाखविता येतील.