गादीतला बिनभाड्याचा भाडेकरू

सकाळी अंथरूण झटकताना ओळीने आठ-दहा शिंका देणारे कोणीतरी तुमच्याही ओळखीचे असेल. ‘थंडी बाधली’ म्हणून आपण काढा देतो. पण थंडीचे दिवस सरतात आणि शिंका राहतातच. खरा अपराधी पुष्कळदा गादीत दडलेला असतो. तो म्हणजे धुळीतला माइट : कोळ्याच्या गोतातला, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा जीव. आपल्या त्वचेचे गळलेले कण हे त्याचे अन्न. दमट हवा त्याला मानवते, म्हणून कोकणात त्याची चंगळ! तो चावत नाही. पण त्याच्या विष्ठेतील प्रथिनांचे काहींच्या शरीराला वावडे असते. यालाच ॲलर्जी म्हणतात. धुळीतील माइटचा हा उपद्व्याप हॉलंडमधील लायडनच्या संशोधकांनी १९६४ साली उघडकीस आणला.

वावडे कशाचे, हे त्वचेवरील चाचणीने कळते. हातावर माइटच्या अर्काचा थेंब ठेवून सुईने किंचित टोचतात. शरीरात त्या प्रथिनांविरुद्ध ‘आयजीई’ प्रतिपिंडे असतील, तर त्वचेतील विशिष्ट पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते आणि पंधरा-वीस मिनिटांत डास चावल्यासारखी गांध उठते. गंमत अशी, की आधीच्या काही दिवसांत हिस्टामिनविरोधी गोळी घेतलेली असेल, तर गांध उठतच नाही. गोळीचे काम यावरून लक्षात येईल : ती हिस्टामिनचा परिणाम अडवते, वावडे जागच्या जागी राहते. उलट, गांध उठूनही ज्यांना कधी त्रास होत नाही, अशी माणसेही असतात. म्हणून डॉक्टर चाचणीइतकेच रोग्याच्या सांगण्याला महत्त्व देतात.

मग माइटच टाळला तर? शेंगदाण्याचे वावडे असेल तर शेंगदाणा टाळता येतो. माइटचे तसे नाही. ब्रिटनमध्ये ११२२ प्रौढ दमेकऱ्यांपैकी काहींच्या गाद्या-उशांना माइटची धूळ बाहेर येऊ न देणाऱ्या खोळी घातल्या, इतरांना साध्या खोळी दिल्या. २००३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निराशाजनक होता : दोन्ही गटांत फरक पडला नाही. नवल नाही; माइट सतरंजीत, पडद्यांत, खुर्चीच्या गादीतही असतो. चादरी ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुतल्यास त्यांतले माइट मरतात, हे खरे. परंतु दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. ती रोज ओढायच्या स्टेरॉइडच्या फवाऱ्याने उतरते, खोळीने नव्हे. आणि बरे वाटले म्हणून फवारा आपल्याच मनाने थांबवला, तर ती पुन्हा चढू लागते.