जालन्यात जेवायचं कुठं?

महाराष्ट्रात खाण्यासाठी कुठं जावं याच्या याद्या निघतात तेव्हा कोल्हापूरचा तांबडा-पांढरा येतो, नागपूरचं सावजी येतं, मालवणचं माशाचं ताट येतं. जालना कधीच येत नाही. बाहेरच्या माणसाला जालना म्हटलं की लोखंडी सळया आठवतात, बियाण्याच्या पिशव्या आठवतात, फार तर मोसंबी. गंमत म्हणजे अन्नक्षेत्रातला ‘वर्ल्ड फूड प्राइज’ हा आंतरराष्ट्रीय सन्मान याच शहरात आला आहे. १९६४ मध्ये इथं महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू करणारे बद्रीनारायण बारवाले १९९८ साली त्याचे मानकरी ठरले. देशभरच्या शेतात जालन्याचं बी पेरलं जातं. जालन्याच्या ताटात काय असतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

विचारलं, तर जालनेकर लगेच एखाद्या हॉटेलाचं नाव सांगेलच असं नाही. तो आधी उलट विचारेल: कधी जेवायचंय? सकाळी की रात्री? शाकाहारी का? वार कोणता? हे प्रश्न शिष्टाचाराचे नाहीत. या शहरात चांगलं खाणं एका ठिकाणी बसून ग्राहकाची वाट पाहत नाही. ते वेळेवर, वस्तीवर आणि सणावर चालतं.

असं का, ते शहराच्या घडणीत आहे. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना आणि पलीकडे व्यापाऱ्यांची कादराबाद, अशी ही जोडवस्ती. १९०१ च्या जनगणनेत जालन्याची लोकसंख्या २०,२७० आणि कादराबादची ११,१५९ नोंदलेली आहे. म्हणजे पेठच जुन्या जालन्याच्या निम्म्याहून मोठी होती. १८२७ मध्ये इथं निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी बसली, ती १९०३ पर्यंत होती. छावणी उठायच्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी निजामाची रेल्वे आली आणि कापूस, धान्य, फळं यांना वाट मिळाली. जालन्याच्या बागांतली फळं बाहेरगावी जातात, हे तेव्हाच्या इंग्रजी ग्रंथांतही लिहिलेलं आहे. मारवाडी, गुजराती व्यापारी, दख्खनी मुसलमान, छावणीतले शिपाई, मिशनऱ्यांमागून उभी राहिलेली ख्रिस्ती वस्ती आणि भोवतालच्या खेड्यांतून बाजाराला येणारा शेतकरी: जो तो आपली चूल घेऊन आला. ‘जालना सोने का पालना’ ही इथली म्हण. तिची भाषाही बघा, दख्खनी वळणाची आहे.

सुरुवात मोंढ्यापासून करावी. मराठवाड्यात धान्याच्या बाजाराला मोंढा म्हणतात, आणि मोंढा जिथं तिथं पहाटेपासून पोट भरण्याची सोय असते. हमाल, मापाडी, माल घेऊन आलेला शेतकरी, अडत्याचा मुनीम अशा सगळ्यांना भूक एकाच वेळी लागते. सकाळी पोहे, मिरचीची भजी आणि सुशीला. सुशीला म्हणजे भिजवून पिळलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, मिरची, शेंगदाण्याचं कूट घालून दिलेली फोडणी. मराठवाड्याबाहेर ती क्वचितच भेटते. पोह्यांपेक्षा हलकी, आणि नीट जमली तर पोह्यांपेक्षा चांगली. पण चुरमुरे मिनिटभर जास्त भिजले की लगदा होतो, म्हणून ती घाणा पडतोय तिथंच खावी.

दुपारचं जेवण खानावळीत. फळ्यावर बेसन-भाकरी, शेवभाजी, वांग्याचं भरीत, आणि मांसाहारी खानावळ असेल तर काळ्या मसाल्याचं मटण. खानावळ ओळखायची खूण सोपी आहे. बाई मागणीप्रमाणे भाकरी थापत असेल तर बसावं. भाकरी टोपल्यात आधीच रचून ठेवलेल्या दिसल्या तर चहा पिऊन उठावं. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरल्यावर पंधरा मिनिटांत वेगळी वस्तू होते. गव्हाच्या पोळीला हा नियम तितका लागू नाही, म्हणून बहुतेक हॉटेलांनी सोयीसाठी पोळी धरली. शहरातल्या जेवणाचं त्यानं नुकसानच झालं आहे.

भाकरीबरोबर ठेचा हवाच, आणि ठेच्याची मिरची दूरवरून आणावी लागत नाही. भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हे हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. पावसाळ्याच्या तोंडाशी तिथं मिरचीचे ढीग लागतात, परप्रांतांतले व्यापारी येतात आणि ट्रक भरून माल जातो. तव्यावर तेलाच्या थेंबावर मिरची आणि लसूण चटका लागेपर्यंत परतून, जाड मीठ घालून ठेचलेला ठेचा जिल्ह्यात घरोघरी असतो. मिक्सरवर केलेला ओळखू येतो: तो हिरवी चटणी होतो, ठेचा होत नाही.

पेठेत शिरलं की वास बदलतो. मारवाडी हलवायाच्या कढईतली कचोरी, गट्ट्याची भाजी, पापडाची भाजी, आणि सुट्टीच्या दिवशी दाल-बाटी. बाटीचा प्रवास इथं पाहण्यासारखा आहे. मारवाडी घरात ती गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात आणि तुपात बुडवतात. जिल्ह्याच्या उत्तरेला जळगाव, म्हणजे खानदेश. तिकडची बट्टी आधी उकडतात, मग कापून तळतात आणि वरणाबरोबर खातात. दोघींची गाठ जालन्यात पडते. मारवाडी घरची बाटी खाऊन वाढलेल्याला बट्टी म्हणजे फसवणूक वाटते, आणि भोकरदन-जाफराबादकडच्या माणसाला बाटी घशाखाली उतरत नाही. वाद न मिटलेलाच बरा. त्यामुळे शहराला दोन्ही खायला मिळतात.

स्थानकवासी जैनांचं मोठं श्रद्धास्थान, गुरू गणेश तपोधाम, जालन्यात आहे. चातुर्मासात अनेक जैन घरांत चौविहार पाळतात: दिवस मावळायच्या आत जेवण आटोपायचं, मग पाणीसुद्धा नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, त्यामुळे काही वर्षं तो चातुर्मासातही येतो. तेव्हा या शहरात सूर्यास्ताला दुहेरी अर्थ असतो. एका गल्लीत शेवटचा घास घाईनं संपवला जातो, आणि चार पावलांवरच्या दुसऱ्या गल्लीत खजूर हातात धरून मगरिबच्या अजानची वाट पाहिली जाते. एकाच क्षणाला एक घर ताट उचलतं, दुसरं मांडतं. एवढ्या जवळ राहणाऱ्यांची पंचांगं इतकी वेगळी असूनही दोघांना दूध पुरवणारा गवळी आणि कांदा विकणारा बागवान बहुधा एकच असतो. अर्थात कांदा जैनांच्या गल्लीत चातुर्मासात खपत नाही, हे बागवानाला पाठ असतं.

दख्खनी मुसलमानी खाणं हा जालन्याचा सर्वांत दुर्लक्षित ऐवज आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, आणि राज्य गेलं तरी चव गेली नाही. मसुरीची डाळ घातलेली पिवळी खिचडी, तिच्याबरोबर चिंच, तीळ आणि शेंगदाण्याचा पातळ खट्टा आणि बाजूला खिमा: हा हैदराबादी न्याहारीचा थाट मराठवाड्यातल्या दख्खनी घरांत अजून आहे. दुपारी दालचा-भात: हरभऱ्याची डाळ, दुधी, मटणाची हाडं आणि चिंच. रमजानच्या संध्याकाळी मशिदींच्या आसपास समोसे, दहीवडे, फळं आणि हलीम यांच्या गाड्या लागतात, आणि तिथं रोजा नसलेलेही गर्दी करतात. महिनाभर चालणारी अशी खाऊगल्ली शहराला दुसरी नाही.

पण या पंगतीचा राजा नान-खलिया. मंद आचेवर शिजलेल्या मटणाचा तर्रीदार रस्सा आणि तंदुरातून निघालेली, वरून पिवळसर-तांबूस दिसणारी मऊ, जाड नान. तो लग्नाच्या दावतीत मोठ्या देगांतून वाढला जातो. विकत खायचा तर जालनेकर सरळ साठेक किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला जातो. सिटी चौक, शहागंज या जुन्या भागात नान भाजणाऱ्या भट्ट्या आहेत. खलिया घरी शिजवून फक्त नान तिथून नेणारं गिऱ्हाईकही असतं.

नान-खलियाची जन्मकथा महंमद तुघलकापर्यंत नेतात. १३२७ च्या सुमारास त्यानं दिल्लीहून राजधानी दौलताबादला हलवली, आणि हजारोंच्या लष्कराला एकदम जेवू घालण्यासाठी खानसाम्यांनी हा पदार्थ काढला, असं सांगतात. मोठ्या देगेत रस्सा आणि भट्टीत नान, हे लष्करी हिशेबाला पटतं. फक्त एक अडचण आहे. आजच्या खलियाला लाल करणारी मिरची भारतात पोर्तुगिजांबरोबर आली, म्हणजे तुघलकानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. तेव्हाचा खलिया असलाच तर मिऱ्यावर असणार. आजचा खलिया दख्खननं घडवला आहे, दिल्लीनं नाही, असं म्हणायला हरकत नाही.

संभाजीनगरला गेलेला जालनेकर परतताना गुलमंडीत इमरती घेतो. जिलबी मैद्याची, इमरती उडदाच्या डाळीची. गुलमंडीची गरम खाल्ली की फरक कळतो. रात्र झाली असेल तर उस्मानपुऱ्यात तारा पान सेंटरला एक थांबा. तिथल्या हजारोंच्या किमतीच्या खास पानाची चर्चा सगळे करतात. खातात मात्र साधंच.

आता जी गोष्ट कुठल्याच फलकावर लिहिलेली नसते ती. जालना जिल्ह्यातलं उत्तम जेवण पैसे देऊन मिळत नाही, ते पंगतीला बसून मिळतं. लग्नाच्या पंगतीतली येसर आमटी घ्या. गहू, ज्वारी, हरभरा डाळ असं धान्य आणि धने, खोबरं, लाल मिरची वेगवेगळं भाजून दळलेला येसर घरात डब्यात भरून ठेवलेला असतो. उकळत्या पाण्यात तो कालवला, वर फोडणी पडली की शंभर पानांची आमटी तयार. अखंड हरिनाम सप्ताहाच्या शेवटी काल्याचं कीर्तन झालं की गाव जेवतं. समर्थ रामदासांच्या जन्मगावी, घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत, रामनवमीचा उत्सव असतो. अंबडला मत्स्योदरी देवीची नवरात्रातली यात्रा असते. आणि कंदुरी. पिराला नवस बोलून बोकड कापायचा आणि भावकीसह गावाला जेवू घालायचं, ही चाल मराठवाड्यातल्या कित्येक हिंदू घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. बोकड मुलाणी कापतो, नवस पाटलाचा असतो, मटण चुलीवर शिजतं आणि पंगतीत कोण कुठल्या देवाचा हे कुणी विचारत नाही. कंदुरीच्या मटणापुढे ढाब्याचं मटण फिकं. तिथं बसायला आमंत्रण लागतं, आणि ते गावात एक ओळख असली तरी पुरतं.

या पंगतींपासून दूर राहिलेले म्हणजे सळयांच्या कारखान्यांतले कामगार. बिहार, उत्तर प्रदेशातून आलेले हे हजारो हात भट्टीच्या धगीत काम करतात आणि खोल्यांवर एकत्र स्वयंपाक करतात: भात, डाळ, बटाट्याची भाजी. त्यांची चव अजून पेठेत उतरलेली नाही. मारवाड्यांची बाटी उतरायला पिढ्या लागल्या, हे लक्षात घेतलं तर तिच्यासारख्याच बिहारी लिट्टीलाही वेळ लागेल. पण एमआयडीसीच्या फाट्यांवर नजर ठेवायला हवी, शहराचा पुढचा पदार्थ तिथूनच येईल.

प्रवासाची सोय वाढली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला, तो जालन्याजवळून जातो. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई वंदे भारत धावली. समृद्धीवरून जाणारा मात्र शहरात न शिरता पुढं निघून जातो, आणि जुन्या रस्त्यावरच्या ढाब्यांचा धंदा त्याच्याबरोबर जातो.

थांबणाऱ्यानं निदान मोसंबी चुकवू नये. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, बदनापूरला तिच्यासाठी संशोधन केंद्र आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात कितीतरी बागा वाळून गेल्या, शेतकऱ्यांनी टँकरनं पाणी घालून जगवता येतील तेवढ्या जगवल्या. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या आंबे बहाराचं फळ पावसाळा संपताना येतं, मृगाचं उन्हाळ्याच्या सुरुवातीला. साल पातळ आणि फळ हाताला जड लागेल ते घ्यावं. रस बाटलीत भरून घरी न्यायचा विचार सोडावा. काढून ठेवलेला मोसंबीचा रस थोड्या वेळात कडू होतो, कारण फळ पिळल्यावर त्यातलं लिमोनिन हे कडू द्रव्य हळूहळू तयार होत राहतं. रसवंतीसमोर उभं राहून, बर्फ नको म्हणून सांगून, एका दमात पिऊन टाकावा.