समुद्राचे पाणी व त्यातील जीवसृष्टी

इंदुरीच्या मुलांना इंद्रायणीचे गोडे पाणी परिचयाचे असते. समुद्र मात्र पुष्कळांनी पाहिलेला नसतो. अरबी समुद्र सह्याद्रीपलीकडे फारसा दूर नाही. परंतु लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी पूर्वेस वाहते, तुळापूर येथे भीमेस मिळते आणि तिचे पाणी भीमा व कृष्णा यांच्या मार्गाने बंगालच्या उपसागराकडे जाते. तेव्हा समुद्राचा पाठ आपल्या नदीपासूनच सुरू करावा.

खाऱ्या पाण्यात मासे कसे जगतात, असे मुले विचारतील. समुद्रातील मासे खारे पाणी पितात व जादा मीठ मुख्यतः कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. परंतु एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. जीवसृष्टीस लागणारे बरेच काही त्या पाण्यातच विरघळलेले असते, हे मुलांस समजले पाहिजे.

क्षार : एक किलो समुद्रजलात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यायोगे ते गोड्या पाण्याहून शेकडा सुमारे अडीच जड होते व जीवांस अधिक उचलून धरते. पेलाभर पाण्यात ताजे अंडे सोडावे, ते बुडेल. मीठ घालून ढवळीत गेल्यास ते वर येईल. समुद्र इतका खारट नसतो, परंतु तत्त्व तेच. याच आधारामुळे सूक्ष्म वनस्पतींना वरच्या उजेडाच्या थरात राहणे सोपे जाते. सागरी जीवांचे बहुतेक अन्न त्यांच्यापासूनच सुरू होते.

खडकांतील द्रव्ये : पावसाचे पाणी सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून कॅल्शियम व सिलिका विरघळवून नेते. कॅल्शियमपासून शिंपले व प्रवाळ बनतात. सिलिकापासून काही सूक्ष्म वनस्पतींची कवचे. वाटेत उजनीसारखी धरणे पुष्कळ पाणी अडवितात. तरीही नद्यांनी आणलेल्या गोड्या पाण्यामुळे बंगालचा उपसागर अरबी समुद्राहून कमी खारट आहे.

उष्णता व वायू : पाणी सावकाश तापते व सावकाश निवते; म्हणून सागरी जीवांस तपमानाचे मोठे चढउतार सहसा सोसावे लागत नाहीत. भांड्यात पाणी तापत ठेवल्यास उकळण्यापूर्वीच कडेस बारीक बुडबुडे दिसतात. ती विरघळलेली हवा होय. पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्र तापत असल्याने ही गोष्ट आज चिंतेची झाली आहे.

दुसरी चिंता कर्बद्विप्राणिल वायूची. मनुष्य सोडीत असलेल्या या वायूचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. त्यामुळे कारखानदारीच्या उदयापासून पृष्ठजलाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर उतरला आहे. शिंपल्यावर लिंबाचा रस टाकल्यास तो फसफसतो. आम्लाने कवच झिजते, हे त्यावरून दाखवावे. मात्र समुद्र आम्ल झाला, असे सांगू नये. तो अद्याप अल्कधर्मीच आहे. पण अल्कता घटल्याने कवच बांधणे जीवांस कठीण होते. मालवणच्या समुद्रात, जेथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेथील प्रवाळांनाही हा धोका आहे.

पाठाच्या शेवटी मुलांस नदीकाठी न्यावे. पाणी जसे चुना व सिलिका वाहून नेते, तसाच साबण, खत व सांडपाणीही नेते. इंद्रायणीत आज काय विरघळते, याची यादी मुलांनीच करावी.